ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘गेला’ म्हणण्याआधी: करंटचा दोष कसा पकडायचा

“थर्डातच चालते बघा. रिव्हर्स पडतो, पण पुढं गिअर बदलतच नाही,” परभणी जिल्ह्यातल्या मानवतहून आलेले काका सांगत होते. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं ऑइल बदललं, दुसऱ्यानं ‘बॉक्स खोलावा लागंल’ म्हणून असा आकडा सांगितला की काका गाडीच विकायला निघाले होते. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर, आणि काकांना स्टार्टर मारायला सांगितलं. मीटरवर १.४ व्होल्ट. इंजिनकडून बॉडीला येणारी अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडं परत नेणारी, पट्टी काळ्या मातीच्या गाऱ्यात बुडालेली होती आणि तिचा बोल्ट गंजलेला. वायर ब्रश, पट्टीच्या टोकाला नवीन लग, बोल्ट घट्ट, कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड पुसले. गाडी सगळे गिअर बदलत मानवतला गेली.

दर वेळी इतकं सोपं निघत नाही. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेट आणि दातऱ्यांच्या वर एक पूर्ण विजेचा संसार बसलेला असतो: कॉम्प्युटर, सेन्सर, सोलेनॉइड (करंटवर तेलाची वाट उघडबंद करणारे वाल्व्ह), दोन-चार कपलर (वायरी जोडायचे प्लग) आणि मीटरभर वायरिंग. तो तपासल्याशिवाय बॉक्स खाली उतरवणं मला पटत नाही. ज्याला मीटर धरता येतो अशा छोट्या गॅरेजवाल्या मित्रांसाठी हे लिहितोय. गाडीमालकानंही वाचावं, म्हणजे मिस्त्री काय करतोय ते कळेल.

आधी बॉक्स कोणता ते ओळखा

‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली आपल्याकडे चार वेगवेगळी यंत्रं फिरतात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, त्यावर क्लच दाबणारा आणि गिअर टाकणारा यांत्रिक हात. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर मारुतीनं हा प्रकार स्वस्त गाडीत आणला आणि मग तो गावोगाव पोचला. दुसरा टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून पुढं देणारा, तिसरा पट्टा आणि पुल्लीवर चालणारा सीव्हीटी, चौथा दोन क्लचचा डीसीटी.

तपासणीच्या दृष्टीनं फरक एवढाच लक्षात ठेवा. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत सोलेनॉइड बॉक्सच्या आत तेलात असतात, वायरी एका मोठ्या गोल किंवा चौकोनी कपलरमधून बाहेर येतात, त्यामुळे बाहेरूनच मोजता येतं. बऱ्याच डीसीटीत कॉम्प्युटर आणि सोलेनॉइड एकाच युनिटमध्ये असतात. तिथं तुम्ही सप्लाय, अर्थ आणि कॅन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) तपासू शकता, पुढचं सगळं स्कॅनरवर. एएमटीत काहींना तेलाचा पंप असतो, काहींत इलेक्ट्रिक मोटरच क्लच दाबते.

पंपवाल्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की ‘घूंऽऽ’ असा दोन-तीन सेकंद आवाज येतो. तो पंप प्रेशर भरत असतो. आवाज येत नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले किंवा दाराचा स्विच यांच्यापासून सुरुवात करा. सारखाच येत असेल तर प्रेशर टिकत नाहीये. त्या युनिटचे नट मात्र प्रेशर सोडल्याशिवाय ढिले करू नका. आतलं तेल चाळीस बारच्या आसपासच्या दाबाखाली असतं, डोळ्यांवर उडालं तर गंमत नाही.

गिऱ्हाईकाचं बोलणं ऐका, पण नीट विचारून

‘गिअर पडत नाही’ एवढ्यावर काहीच कळत नाही. मी ठरलेले प्रश्न विचारतो. थंड असताना होतं की तापल्यावर? पाऊस किंवा वॉशिंगनंतर सुरू झालं का? बॅटरी कधी बदलली? मध्यंतरी काही बसवलं का, म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, समोर एलईडी बार, जीपीएस? गाडीला कुठं वेल्डिंग झालं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: जंप स्टार्ट कुणाच्या बॅटरीवरून दिला?

हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार कामाचा आहे. शेतात गाडी बंद पडली की शेजारचा ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टर बहुतेक १२ व्होल्टचा, तिथं धोका कमी. पण टिपर, मोठा ट्रक किंवा जेसीबीसारखं यंत्र आलं तर तिथं दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट, असू शकतात. त्यावरून कारला करंट दिला की इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम, गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर म्हणजे टीसीएम, ब्रेकचं एबीएस, काय काय उडेल सांगता येत नाही. वेल्डिंगचंही तसंच. मागं हूक किंवा पुढं गार्ड लावताना बॅटरीची मायनस काढली नाही, तर वेल्डिंगचा करंट घरचा रस्ता शोधत कॉम्प्युटरमधून जातो. लोक हे आपणहून सांगत नाहीत, लाजतात. “दादा, रागावणार नाही, पण खरं सांगा” म्हटलं की सांगतात.

पाऊस आणि धुण्याचा संबंध निघाला तर कपलरकडे बोट. तापल्यावरच होत असेल तर सोलेनॉइडची कॉइल, आतली वायरिंग किंवा टीसीएमच्या आतला सोल्डरचा टाका. बॅटरी बदलल्यावर लगेच सुरू झालं असेल तर कदाचित बिघाडच नाही, फक्त अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे टीसीएमनं त्या गाडीपुरतं शिकून ठेवलेलं, पुसलं गेलंय.

एक गोष्ट इथंच करून घ्या. बॉक्सला डिपस्टिक असेल तर तेल बघा, वास घ्या. काळं आणि जळकट निघालं, त्यात चकचकीत भुगा असला, तर वायरिंगच्या मागं दिवस घालवू नका. तो दुसरा आजार आहे.

बॅटरी: पाच मिनिटांचं काम

गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण चार्ज, १२.२ म्हणजे अर्धी. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत अल्टरनेटर हुशार असतो, तो लोड बघून व्होल्टेज वर-खाली करतो, म्हणून हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा बघा.

परभणीच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली बॅटरी नुसती शिजते. हिवाळ्याच्या पहिल्या गारठ्यात ती क्रँकिंगला, म्हणजे स्टार्टर मारताना, नऊच्या खाली जाते आणि टीसीएम चालू होता-होताच झोपतो. इंजिन मग चालू होतं, पण गिअरच्या जागी डिस्प्लेवर डॅश किंवा लुकलुकणारा दिवा. कोड निघतो पी०५६२, सिस्टिम व्होल्टेज कमी. मालक म्हणतो गिअरबॉक्स, असते बॅटरी.

अर्थ: इथं घाई करू नका

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण बहुतेक लोक इथंच चुकतात, आणि मीही चुकलोय.

बीप मोडवर मीटर लावला, बीप वाजला, ‘अर्थ ओके’. हे धोक्याचं आहे. पंचवीस तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, कारण मीटर तिच्यातून नावापुरता करंट सोडतो. त्याच वायरीतून दोन अँपिअर जायला लागले की खरं रूप दिसतं. गंजलेल्या जोडाचा अर्धा ओहम बीप मोडला कळत नाही, पण दोन अँपिअरला तिथं एक व्होल्ट गळतो आणि दहा अँपिअरला पाच.

म्हणून मोजायचं ते व्होल्टेज ड्रॉप, आणि तेही काम चालू असताना. पद्धत अशी. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन थेट बॅटरीच्या मायनस पोलवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवर. लाल पिन गिअरबॉक्सच्या बॉडीवर. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारी लाइन, सगळं लावा. ०.१ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.२ चालेल, त्याच्या वर गेलं की शोधायला लागा. क्रँकिंगला अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो. मग लाल पिन पायरी-पायरीनं मागं आणा: गिअरबॉक्स, इंजिन, अर्थपट्टीचं एक टोक, दुसरं टोक, बॉडी, बॅटरीचा क्लॅम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा धाडकन पडतो, दोष त्यांच्या मध्ये.

टीसीएमच्या अर्थ वायरीचंही असंच करायचं. कपलर लावलेला ठेवा, मागून बारीक पिन घालून अर्थच्या वायरीवर मोजा. इथं ०.१ च्या खालीच हवं, कारण सेन्सरचे सिग्नल याच अर्थच्या भरवशावर असतात. अर्थ वर उचलला गेला की टीसीएमला सगळेच सेन्सर खोटं बोलताना दिसतात आणि एकदम चार-पाच कोड येतात. एकाच वेळी चार सेन्सर मरत नाहीत. चार कोड एकदम दिसले की त्या चौघांचं सामाईक काय आहे ते शोधायचं. एक तर अर्थ, नाही तर ५ व्होल्टची सप्लाय. ही ५ व्होल्टची लाइन बऱ्याच सेन्सरना वाटून दिलेली असते. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांना घेऊन बुडतो. मग एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो चोर.

आमच्याकडची काळी माती या अर्थच्या बोल्टांची खरी वैरी आहे. ओली असताना लेपासारखी बसते, वरून सुकते आणि आत ओल धरून ठेवते. मुरमाच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा बोल्ट आणि काळ्या रानातून जाणाऱ्या गाडीचा बोल्ट यांत दोन पावसाळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

फ्यूज आणि सप्लाय

फ्यूज काढून डोळ्यासमोर धरून बघणं सोडा. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, इग्निशन चालू करून दोन्हींवर मीटर लावा. दोन्हीकडं सारखा व्होल्टेज आला म्हणजे फ्यूज चांगला. एकीकडेच आला तर उडालेला.

आता माझी चूक सांगतो. एका गाडीत टीसीएमशी स्कॅनर बोलत नव्हता. मी टीसीएमचा कपलर काढला, सप्लायच्या पिनवर मोजलं, १२.४ आले. अर्थ बीप झाला. सप्लाय आहे, अर्थ आहे, म्हणजे टीसीएम मेला असं मी सांगून टाकलं. मालकानं टीसीएम मागवला. नवीन लावला, तीच कथा. फ्यूज बॉक्समधली फ्यूज धरणारी पत्री पाकळी तापून सैल झाली होती. मीटरला १२.४ दिसत होते, पण टीसीएमनं करंट ओढायला घेतला की तिथं काहीच उरत नव्हतं. त्या टीसीएमचे अर्धे पैसे मी भरले.

तेव्हापासून माझ्या टूलबॉक्समध्ये ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब आहे, होल्डर आणि दोन वायरींसकट. टीसीएमचा कपलर काढून सप्लायची पिन आणि अर्थची पिन यांच्यात हा बल्ब जोडायचा. पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला आणि बल्बवर बॅटरीइतकाच व्होल्टेज राहिला, तर दोन्ही वायरी चांगल्या. पिवळट पेटला तर दोष सापडला. फक्त एक पथ्य: हा बल्ब सप्लाय आणि अर्थच्या वायरींवरच. सेन्सरच्या, कॅनच्या किंवा टीसीएममधून निघणाऱ्या वायरीवर बल्बवाला टेस्टर लावला तर कॉम्प्युटरचा ड्रायव्हर जळू शकतो. तिथं फक्त डिजिटल मीटर. आणि पिवळ्या वायरीचे कपलर एअरबॅगचे असतात, हायब्रीडमध्ये नारिंगी केबल हाय व्होल्टेजची असते. त्यांना हात लावायचा नाही.

स्कॅनर: कोड म्हणजे पत्ता, निदान नाही

आता स्कॅनर लावा. मोबाईलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथचा डबा बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतो आणि तिथं एकच ओळ दिसते: पी०७००. त्याचा अर्थ इंजिनचा कॉम्प्युटर म्हणतोय, ‘गिअरबॉक्सवाल्याकडं काहीतरी तक्रार आहे, त्यालाच विचारा.’ म्हणून टीसीएमच्या आत शिरणारा स्कॅनर लागतो. शक्य असेल तर सगळ्या मॉड्यूलचे कोड काढा, एबीएसचेसुद्धा, कारण चाकांचा वेग बऱ्याच गाड्यांत तिकडून येतो.

पुसण्याआधी फोटो काढा. फ्रीझ फ्रेमचाही. त्यात कोड आला त्या क्षणी वेग किती, तेलाचं तापमान किती, व्होल्टेज किती हे असतं. पहिला मिस्त्री कोड पुसून मोकळा झाला की दुसऱ्याला अंधारात चाचपडावं लागतं.

नेहमी भेटणारे कोड असे. पी०७०५ म्हणजे पार्क-रिव्हर्स-न्यूट्रलची जागा सांगणाऱ्या रेंज सेन्सरची लाइन. पी०७१० तेलाच्या तापमानाचा सेन्सर. पी०७१५ आत येणाऱ्या शाफ्टचा वेग, पी०७२० बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा. पी०७४० टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचा. पी०७५० पासून पुढं शिफ्ट सोलेनॉइड. यू०१०१ म्हणजे टीसीएमशी बोलणंच तुटलंय. कोडच्या वर्णनात ‘सर्किट’, ‘ओपन’, ‘शॉर्ट’, ‘लो’, ‘हाय’ असे शब्द असतील तर विजेच्या दिशेनं जा. ‘रेशो’, ‘स्टक’, ‘परफॉर्मन्स’ असेल, उदाहरणार्थ पी०७३०, तर तेल, प्रेशर, क्लच यांच्याकडं संशय जास्त. सोलेनॉइडचं नाव कोडमध्ये आलं म्हणून सोलेनॉइड बदलू नका. कोड त्या सर्किटचा असतो, त्यात वायर आणि कपलरही आले.

मग लाइव्ह डेटा. सकाळी थंड गाडीवर तेलाचं तापमान हवेइतकंच दिसायला हवं. स्कॅनर उणे ४० दाखवत असेल तर ती लाइन तुटलेली आहे, आमच्याकडं बर्फ पडत नाही. दीडशेच्या वर काहीतरी अचाट आकडा असेल तर लाइन अर्थला टेकलीय. ब्रेक दाबून लिव्हर हळूहळू पी पासून डी पर्यंत आणा आणि स्कॅनरवर प्रत्येक जागा बरोबर येते का बघा. मध्येच रिकामं दिसलं, किंवा गाडी पी मध्ये स्टार्ट होत नाही पण एन मध्ये होते, तर रेंज सेन्सर सरकलाय किंवा घासलाय. गाडी चालवताना बाहेरच्या शाफ्टचा वेग स्पीडोमीटरबरोबर चढला पाहिजे. तो मध्येच शून्यावर पडून परत येत असेल तर तिथंच झटका बसतो.

लिंप मोडचं गुपित

लंगडत घर गाठायच्या या सोयीमागं साधं कारण आहे. टीसीएमचा विश्वास उडाला की तो सोलेनॉइडचा करंट तोडतो. करंट नसताना टॉर्क कन्व्हर्टर बॉक्समधले वाल्व्ह स्प्रिंगच्या जोरावर एका ठरलेल्या जागी बसतात आणि एकच गिअर मिळतो, बहुतेकदा मधला, शिवाय रिव्हर्स. म्हणजे थर्डात अडकलेली गाडी कधी-कधी बॉक्स शाबूत असल्याची बातमी देत असते. त्या एका गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये गाडी न घसरता, न ओरडता ओढत असेल तर निदान ते क्लच आणि पंप जिवंत आहेत. बॉक्स उतरवायची घाई करणाऱ्यानं एवढं तरी बघावं.

कपलर उघडा

गाडी पिटवर घ्या, चाकांना ठोकळे लावा, इग्निशन बंद. गिअरबॉक्सचा मोठा कपलर काढून उजेडात बघा. हिरवट थर म्हणजे पाणी गेलंय. नदी-नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली असेल तर हे हमखास. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आलेल्या पुरासारख्या पाण्यात उभी राहिलेली गाडी घेत असाल, तर धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या सीटपेक्षा हा कपलर आधी बघा.

कपलरमध्ये तेल दिसलं तर जास्त काळजी. आतली सील गेली की तेल वायरीच्या तारांमधून दिव्याच्या वातीसारखं चढत जातं आणि कधी-कधी थेट टीसीएमच्या कपलरपर्यंत पोचतं. तेल स्वतः शॉर्ट करत नाही, पण त्यातली घाण आणि धातूचा भुगा करतो. नुसतं पुसून चालत नाही, सील किंवा आतला हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावाच लागतो. साफ करायला इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा. पेट्रोल आणि थिनर प्लास्टिक आणि रबर खातात.

पिनांची पकड बघायला त्याच मापाची एक सुटी पिन जवळ ठेवा आणि प्रत्येक भोकात घालून ओढा. एखादीत भसकन जात असेल तर ती पिन सैल. जाड मीटरची पिन कपलरच्या तोंडातून खुपसून आपणच हा आजार तयार करतो, म्हणून मागून मोजायचं.

आणि उंदीर. सोयाबीन निघालं, रानं मोकळी झाली की उंदीर गावाकडं सरकतात. कडब्याच्या गंजीशेजारी लावलेली गाडी म्हणजे त्यांना ऊबदार वाडाच. गिअरबॉक्सच्या वरचा, एअर फिल्टरच्या डब्याखालचा हार्नेस हाताने चाचपत जा. लेंड्या आणि भुसा दिसला की टेप काढून पूर्ण वायरिंग बघा. एक वायर तुटलेली दिसते, अर्धवट कुरतडलेल्या तीन आत लपलेल्या असतात.

सोलेनॉइड आणि सेन्सर मोजणं

कपलर काढल्यावर बॉक्सच्या बाजूच्या पिनांवर ओहम मोजा. कोणती पिन कशाची, हे त्या गाडीच्या वायरिंग डायग्रॅममधूनच घ्या, अंदाजानं नको. चालू-बंद होणारे शिफ्ट सोलेनॉइड साधारण १० ते २० ओहमचे असतात, प्रेशर कंट्रोलवाले ५ च्या आसपास. पक्का आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलचा.

पण मॅन्युअलचा आकडा बहुतेक २० अंशांवरचा असतो. आमच्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२ अंश. तांब्याचा ओहम दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. म्हणजे १२ ओहमची कॉइल ४२ अंशांना १३ दाखवेल, आणि तेल ९० अंशांना पोचल्यावर सव्वापंधरा. हे ठाऊक नसलेला माणूस चांगली सोलेनॉइड फेकून देतो. उलट, तापल्यावर आकडा वाढायच्या ऐवजी कमी झाला तर कॉइलचे वेढे आतून शॉर्ट होतायत. एकदम अनंत झाला तर तार तुटलीय, तापल्यावर फुगून उघडतेय. म्हणून थंड एकदा आणि गाडी वीस किलोमीटर पळवून गरम एकदा, असं दोनदा मोजा. प्रत्येक पिन आणि बॉक्सची बॉडी यांच्यातही मोजा. ज्या सोलेनॉइडचा अर्थ बॉडीतून नाही तिथं काहीही दिसता कामा नये.

वेगाचे सेन्सर दोन जातींचे. दोन वायरींचा बहुतेकदा चुंबक आणि कॉइलचा असतो. त्याचा ओहम मोजता येतो, आणि चाक फिरवल्यावर एसी व्होल्टवर आकडा वाढताना दिसतो. तीन वायरींचा हॉल सेन्सर, त्याचा ओहम मोजून काही उपयोग नाही. त्याला सप्लाय येते का, अर्थ आहे का, आणि शाफ्ट फिरताना सिग्नलची वायर वर-खाली होते का, एवढंच बघा. सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी भुगाही सिग्नल बिघडवतो. काढून पुसा आणि मग ठरवा.

लिव्हर पी मधून निघतच नसेल

हे वेगळं घेतो, कारण यात गिअरबॉक्सचा संबंधच नसतो. मागं कुणाला तरी उभं करा आणि ब्रेक दाबा. ब्रेकलाइट लागत नसेल तर ब्रेक पेडलचा स्विच किंवा त्याचा फ्यूज. टीसीएमला ब्रेक दाबल्याचं कळत नाही, म्हणून तो लिव्हर सोडत नाही. बहुतेक गाड्यांत लिव्हरजवळ छोटं झाकण असतं, त्याखाली चावी किंवा स्क्रूड्रायव्हर दाबला की लिव्हर सुटतो. हँडब्रेक ओढून मगच हे करा. एएमटीत लिव्हर हलतो पण गाडी स्टार्टच होत नाही, तेव्हाही आधी हा स्विच बघा.

टीसीएम बोलतच नसेल

स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिना कॅन लाइनच्या. बॅटरीची मायनस काढा, पाच मिनिटं थांबा, दोन्हींमध्ये ओहम मोजा. ६० आले तर उत्तम. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात, ते मिळून ६०. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्यात. गाडी चालू असताना ६ नंबरची, म्हणजे कॅन हायची, वायर अडीच व्होल्टच्या थोडी वर आणि १४ नंबरची, कॅन लोची, थोडी खाली दिसते. नव्या गाड्यांत मध्ये गेटवे मॉड्यूल असतं, तिथं सॉकेटवरचं मोजमाप गिअरबॉक्सच्या शाखेचं नसतंच, म्हणून टीसीएमच्या कपलरवर मोजा.

सप्लाय बल्बवर चांगली, अर्थ चांगला, कॅन चांगली, तरी टीसीएम गप्प. आता आणि फक्त आताच टीसीएमवर बोट ठेवा. जुन्या गाडीतून काढलेला टीसीएम तसाच चालेल अशी आशा धरू नका, बहुतेकांना कोडिंग लागतं.

येतो-जातो दोष

गॅरेजात गाडी शहाणी आणि गिऱ्हाईकाच्या दारात वेडी, हा सगळ्यात वाईट प्रकार. लाइव्ह डेटा चालू ठेवून हार्नेस वितीवितीनं हलवा, कपलर दाबा, ओढा. हेअर ड्रायरनं टीसीएम किंवा सेन्सर गरम करा, अंगावर चटका बसेल इतकंच, प्लास्टिक वितळेल इतकं नाही. पावसातला दोष असेल तर स्प्रे बाटलीनं पाण्याचे तुषार एकेका कपलरवर मारा आणि थांबा. सगळीकडं एकदम पाणी मारलं तर काहीच कळणार नाही.

जोडताना आणि जोडल्यावर

वायर पिळून टेप गुंडाळणं इथं चालत नाही. गरम तेलाजवळ टेपचा डिंक महिन्याभरात सुटतो. योग्य मापाचा क्रिंप किंवा नीट सोल्डर, त्यावर डिंकवाली हीट श्रिंक, आणि वायरीला हलायला थोडी ढील. सोल्डर केला तर जोड बांधून टाका, कारण सोल्डरच्या कडेला वायर थरथरून तुटते. कॅनच्या दोन वायरींचा पीळ जसा होता तसाच ठेवा, तो शोभेचा नाही. जोड एकाच जागी समोरासमोर आणू नका, पुढं-मागं घ्या.

कोड पुसा, कंपनीच्या पद्धतीनं अ‍ॅडॅप्टेशन करा. मी वसमत रोडनं झिरो फाट्यापर्यंत जाऊन येतो, एसी लावून, मध्ये दोनदा गाडी पूर्ण थांबवून, रिव्हर्स टाकून. परत आल्यावर गरम बॉक्सवर अर्थचा व्होल्टेज ड्रॉप पुन्हा मोजतो आणि तो आकडा तारीख घालून पेंटच्या मार्करनं बॅटरीच्या झाकणावर लिहितो. गाडी रात्री माझ्याकडंच ठेवतो. सकाळी थंड इंजिनावर स्कॅनर लावून पेंडिंग कोड बघतो, एकही नसला की मगच मालकाला फोन.